जँगो-पोस्टग्रेस अ‍ॅप कुठे होस्ट करावं? ४० दूध संस्था, पहाटेचं संकलन, दर दहा दिवसांनी बिलं

दूधखाते (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

सहकारी दूध संस्थांसाठी एक वेब अ‍ॅप तयार आहे. रोजच्या संकलनाची नोंद, फॅट आणि एसएनएफवरून (स्निग्धांशाखेरीज दुधातले घन घटक) दर, उत्पादकाचं खातं आणि दर दहा दिवसांचं बिल, एवढं त्यात आहे. आता ते लाइव्ह करायचंय आणि होस्टिंगवर, म्हणजे ते कुणाच्या सर्व्हरवर चालवावं यावर, घोडं अडलंय. अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नाही, म्हणून सगळं मांडतो.

जँगो ५.२ (पायथनमध्ये वेब अ‍ॅप लिहायची चौकट), डेटाबेस पोस्टग्रेस १६. बिलांच्या पीडीएफसाठी वीझीप्रिंट. मागे चालणारी कामं सेलरी (कामं रांगेने करणारं साधन) आणि रेडिसवर (ती रांग साठवणारी सेवा).

संस्था ४०, उत्पादक मिळून ६,०००. सकाळचं संकलन मुख्यतः ६ ते ८, पण काही गावांत ५ वाजताच सुरू होतं. संध्याकाळी पुन्हा ६ ते ८. बिलं महिन्याच्या १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते अखेर अशी. म्हणजे ११, २१ आणि १ तारखेला ६,००० पीडीएफ तयार व्हायला हवीत, आणि अर्थातच मराठीत.

सगळे वापरणारे कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतले. कुठे फायबर, कुठे मोबाइलचं हॉटस्पॉट.

खर्चाची मर्यादा करासकट महिना २,५०० रुपये. डेव्हलपर मी एकटाच. लिनक्सच्या कमांड येतात, पण सर्व्हर सांभाळायची सवय नाही.

रेंडर, व्हर्सेल, सीपॅनेलवालं शेअर्ड होस्टिंग, एडब्ल्यूएस, डिजिटलओशन अशी नावं पुढे आहेत. तीन प्रश्न: फुकटच्या योजनेवर भागेल का? रॅम किती लागेल? डेटाबेस त्याच मशिनवर ठेवावा की वेगळा घ्यावा?

---

सर्व्हरवाला

आधी भार मोजू या, कारण या आकड्यांत निम्मं उत्तर आहे.

सकाळच्या दोन तासांत ६,००० नोंदी. दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद. म्हणजे सेकंदाला सरासरी एक नोंदसुद्धा नाही. ऐन गर्दीत पाचपट धरली तरी सेकंदाला चार-पाच विनंत्या. हा भार एक साधा छोटा सर्व्हर आरामात पेलतो. ऑटोस्केलिंग, कुबरनेटीस, लोड बॅलन्सर हे मोठ्या भारासाठीचे शब्द या प्रकल्पातून काढून टाका.

डेटा बघा. रोज १२,००० ओळी, वर्षाला ४३ लाख ८० हजार. इंडेक्ससकट (शोध जलद करणारी सूची) ओळीमागे २०० बाइट धरले तर वर्षाला साधारण ९०० एमबी. ५० जीबीची डिस्क कित्येक वर्षं पुरेल. पीडीएफ मात्र डिस्कवर साठवत बसू नका. नोंदी आहेत तोवर बिल केव्हाही पुन्हा काढता येतं.

म्हणजे अडचण भाराची नाही. सर्व्हर पहाटे ५ वाजता जागा असणं, डेटा न हरवणं आणि पान पटकन उघडणं, या तीन गोष्टींवर निवड करा.

फुकटच्या योजना याच कसोटीवर बाद होतात:

रेंडरची फुकट वेब सेवा १५ मिनिटं विनंती आली नाही की झोपते. पुन्हा उठायला मिनिटभर लागतं. पहाटे रांगेतला पहिला उत्पादक कॅन घेऊन उभा आणि स्क्रीन कोरी. बाहेरून दर दहा मिनिटांनी पिंग (नुसती जागं ठेवणारी विनंती) मारून ती जागी ठेवता येते, पण डेटाबेसचं काय? फुकट पोस्टग्रेस ३० दिवसांनी मुदतबाह्य होतं. हिशेबाच्या अ‍ॅपला ते चालणार नाही.

रेंडरसारख्याच हिरोकू या सेवेचा फुकट काळ २८ नोव्हेंबर २०२२ ला संपला. जुने धडे आणि व्हिडिओ अजून तोच रस्ता दाखवतात, तिकडे वेळ घालवू नका.

व्हर्सेलची हॉबी योजना व्यावसायिक वापरासाठी नाहीच. पैसे भरूनही ती जागा मुख्यतः नेक्स्ट आणि तत्सम फ्रंटएंडची (ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या भागाची). तिथे सतत चालणारा सेलरी वर्कर (मागची कामं करणारी प्रोसेस) ठेवता येत नाही.

ओरॅकलची कायम-फुकट मशिनं मुंबई आणि हैदराबादला मिळतात आणि कागदावर भरघोस दिसतात. पण सात दिवस मशिन रिकामं दिसलं तर ते परत घेण्याची त्यांची अट आहे. सीपीयूचा वापर २० टक्क्यांखाली राहणं हा त्यातला एक निकष. वरचा हिशेब पाहिलात तर तुमचं मशिन बहुतेक वेळ रिकामंच दिसणार.

शेअर्ड होस्टिंग पीएचपी आणि वर्डप्रेससाठी ठीक. पोस्टग्रेस, वीझीप्रिंटला लागणाऱ्या सिस्टिम लायब्ररी आणि मागे चालणारा वर्कर ही तिन्ही तिथे जमणं कठीण.

आता जागा. वापरणारे कोल्हापूर-सांगलीचे असतील तर सर्व्हर भारतातच हवा. मुंबई किंवा बेंगळुरूपर्यंतची फेरी (विनंती जाऊन उत्तर परत येण्याचा वेळ) अगदी थोड्या मिलिसेकंदांची. सिंगापूर धरा ६० ते ८०. अमेरिकेचा पूर्व किनारा २०० च्या आसपास. नवीन एचटीटीपीएस जोडणीला पहिलं उत्तर यायलाच तीन फेऱ्या लागतात. म्हणजे अमेरिकेतल्या सर्व्हरवर पान उघडायच्या आधीच ६०० मिलिसेकंद गेले. फायबरवर हे खपून जाईल, हॉटस्पॉटवर नाही.

त्याहून वाईट म्हणजे अ‍ॅप एका देशात आणि डेटाबेस दुसऱ्या. एका पानाला २० क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) लागत असतील आणि प्रत्येक क्वेरी २०० मिलिसेकंदांची फेरी मारत असेल तर चार सेकंद नुसते वाटेत जातात. अ‍ॅप मुंबईत ठेवून फुकट मिळतो म्हणून डेटाबेस अमेरिकेत घेणारे बरेच आहेत. नंतर जँगो हळू आहे म्हणून तक्रार करतात. अ‍ॅप आणि डेटाबेस एकाच शहरात, शक्यतो एकाच खासगी नेटवर्कवर.

भारतात मशिन देणारे: डिजिटलओशन बेंगळुरूत, अकामाई लिनोड मुंबई आणि चेन्नईत, व्हल्टर मुंबई, दिल्ली आणि बेंगळुरूत, एडब्ल्यूएस मुंबई आणि हैदराबादला. अझूरचं ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे तर आपलं पुणे. हेट्झनर स्वस्त आहे, पण भारतात त्यांचं केंद्र नाही. जवळचं म्हणजे सिंगापूर. रेंडरचंही तसंच.

माझं मत: २ जीबी रॅम, १ सीपीयू, ५० जीबी डिस्कचं एक मशिन, बेंगळुरू किंवा मुंबई. डिजिटलओशनवर ते १२ डॉलरला आहे. आठवड्याच्या बॅकअपला त्याच्या २० टक्के, म्हणजे २.४० डॉलर. वर १८ टक्के जीएसटी धरून १७ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर १,५३० रुपये. डेटाबेस त्याच मशिनवर.

---

जँगोवाली

भाराचा हिशेब पटला. पण या अ‍ॅपची खरी परीक्षा ११ आणि २१ तारखेला आहे, म्हणून पीडीएफवर जरा सविस्तर लिहिते.

एका बिलाला अर्धा सेकंद धरला तर ६,००० बिलांना ३,००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटं. हे काम वेब विनंतीत केलंत तर गनीकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर) ३० सेकंदांनी वर्करला मारतं, कारण त्याचा मूळ टाइमआउट तेवढाच आहे. लॉगमध्ये ‘वर्कर टाइमआउट’ आणि ब्राउझरमध्ये ५०२ ही चूक दिसेल. टाइमआउट वाढवून १० मिनिटं करणं हा उपाय नव्हे. तेवढा वेळ तो वर्कर अडकून पडतो आणि त्याच वेळी नोंदी करणारी गावं ताटकळतात. बिलांचं काम रांगेत टाका, संस्थेप्रमाणे तुकडे करा आणि १० तारखेचं संध्याकाळचं संकलन आटोपल्यावर रात्री ११ ला सुरू करा. सकाळी बिलं तयार असतील.

रांगेसाठी रेडिस लागतंच असं नाही. एवढ्याशा कामाला पोस्टग्रेसवरच चालणारी रांग पुरते. प्रोक्रास्टिनेट ही लायब्ररी पाहा. सांभाळायची एक सेवा कमी होते आणि रॅमही वाचते.

२ जीबीत रॅम अशी बसते: जँगोचे तीन गनीकॉर्न वर्कर, प्रत्येकी सव्वाशे एमबीच्या आसपास. पोस्टग्रेसच्या शेअर्ड बफरला (डेटा रॅममध्ये ठेवायची जागा) ५१२ एमबी. पीडीएफचा एक वर्कर ३०० एमबी. उरलेलं ऑपरेटिंग सिस्टिम आणि डिस्क कॅशला. पीडीएफचे दोन वर्कर लावू नका, सीपीयू एकच आहे. एका वर्करने ठरावीक बिलं काढली की त्याला नव्याने सुरू करायची सोय ठेवा, म्हणजे चढलेली रॅम मोकळी होते.

आता मराठी. डेबियन स्लिम किंवा उबुंटूच्या किमान इमेजमध्ये (लिनक्सच्या तयार, छोट्या प्रतीत) देवनागरी फॉन्ट नसतो. तुमच्या लॅपटॉपवर बिल सुरेख दिसतं आणि सर्व्हरवर नावाच्या जागी चौकोन येतात. ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ किंवा ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हे पॅकेज इमेजमध्येच टाका आणि सीएसएसमध्ये फॉन्टचं नाव स्पष्ट लिहा. वीझीप्रिंट निवडलंत हे चांगलं केलंत. ते पँगो या लायब्ररीच्या आधारे अक्षरं जुळवतं, त्यामुळे ‘क्षीरसागर’ नीट येतं. अक्षरं न जुळवणाऱ्या लायब्ररीत वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते. ‘किसन’मधली वेलांटी ‘स’वर बसून ‘कसिन’ वाचलं जातं. बिलावर नाव चुकलं तर सचिवाला दहा लोकांना उत्तरं द्यावी लागतात.

याचा होस्टिंगशी थेट संबंध आहे. रेंडरच्या साध्या पायथन सेवेत सिस्टिम पॅकेज टाकता येत नाही, तिथे डॉकर इमेजच (अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला गठ्ठा) द्यावी लागते. कुठलाही प्लॅटफॉर्म घेण्याआधी त्यावर एक जोडाक्षरांनी भरलेलं बिल काढून बघा.

यादीचा क्रमही तपासा. डेटाबेस ‘सी’ लोकेलवर (अक्षरांचा क्रम नुसत्या युनिकोड क्रमांकावरून लावणारी मांडणी) बनला असेल तर ‘काळे’ आधी आणि ‘कावळे’ नंतर येतात, कारण युनिकोडमध्ये ळ हा व च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत ळ शेवटाकडे. नावाच्या रकान्याला आयसीयूचं मराठी कोलेशन (क्रम लावायचे नियम) दिलंत की प्रश्न मिटतो.

आणि तारीख! भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. पहाटे ५:३० च्या आधी यूटीसीमध्ये (जागतिक वेळेत) कालचीच तारीख असते. काही गावं ५ वाजता सुरू होतात असं तुम्ही लिहिलंय. जँगोत ‘टाइमझोन-नाऊ’वर थेट ‘डेट’ लावली तर यूटीसीची तारीख मिळते आणि पहिल्या अर्ध्या तासाचं दूध आदल्या दिवशी जमा होतं. ११ तारखेला तर ते चक्क मागच्या बिलात जाईल. सेटिंगमध्ये एशिया-कोलकाता ठेवा आणि तारखेसाठी कायम ‘लोकलडेट’ वापरा. हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमधलं ‘करंट डेट’ही याच कारणाने फसवतं. दिवसा चाचणी करून ही चूक कधीच सापडत नाही, म्हणून पहाटे ५:१० ची वेळ घालून टेस्ट लिहा.

---

मॅनेज्ड_बरा

एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. ‘सर्व्हर सांभाळायची सवय नाही’ असं प्रश्नातच लिहिलंय. अशा माणसाला ६,००० घरांच्या पैशांचा डेटाबेस स्वतः चालवायला सांगू नये.

त्याच बजेटमध्ये दुसरी मांडणी बसते. डिजिटलओशनचं मॅनेज्ड (कंपनीच सांभाळते असं) पोस्टग्रेस १ जीबीचं १५ डॉलरच्या आसपास आहे. अ‍ॅपसाठी १ जीबीचं मशिन ६ डॉलर. मिळून २१, जीएसटीसकट पावणेपंचवीस. ९० च्या भावाने २,२३० रुपये. त्यात रोजचा बॅकअप येतो आणि मागच्या सात दिवसांतल्या कुठल्याही क्षणाला परत जाता येतं. दुपारी १२ ला कुणी चुकून एका संस्थेच्या नोंदी पुसल्या तर ११:५९ ची स्थिती नवीन डेटाबेसमध्ये उभी करून तेवढ्याच नोंदी उचलता येतात. रोज दोनदा डम्प (डेटाबेसची पूर्ण प्रत) काढून हे साधत नाही.

मर्यादाही सांगतो. १ जीबीच्या योजनेत २२ जोडण्या मिळतात. तुमच्या चार-पाच प्रोसेसना त्या पुरतात, पण प्रत्येक विनंतीला नवी जोडणी उघडू नका. ‘कॉन मॅक्स एज’ (उघडलेली जोडणी किती वेळ ठेवायची ते) ६० सेकंद ठेवा. ही योजना एकाच नोडची (मशिनची) आहे. तो पडला तर आपोआप दुसरा उभा राहतो, पण मधली काही मिनिटं सेवा बंद असते. अ‍ॅपच्या १ जीबी मशिनवर २ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) हवाच, नाहीतर पीडीएफच्या रात्री कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रोसेस मारेल आणि कंटेनर (डॉकरमध्ये चालणारं अ‍ॅप) १३७ या कोडने बाहेर पडलेला दिसेल.

एडब्ल्यूएसबद्दल थोडक्यात. त्यांच्या लाइटसेल या साध्या सर्व्हर सेवेची किंमत स्थिर असल्याने ते विचारात घेता येईल. मुंबईत तिथे महिन्याची डेटा मर्यादा इतर केंद्रांच्या निम्मी आहे, पण तुमच्या अ‍ॅपला तीही भरपूर. लक्ष सीपीयूवर ठेवा. पायाभूत मर्यादेपेक्षा जास्त सीपीयू सलग वापरला की साठलेली क्षमता संपते आणि मशिन मंदावतं. तुमचं ५० मिनिटांचं पीडीएफचं काम नेमकं तसंच आहे. साधं ईसीटू (एडब्ल्यूएसचं नेहमीचं मशिन) घेतलंत तर सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला (मशिनचा इंटरनेटवरचा पत्ता) फेब्रुवारी २०२४ पासून तासाला अर्धा सेंट, म्हणजे महिना ३.६० डॉलर वेगळे. डिस्क वेगळी, स्नॅपशॉट वेगळा. पहिल्या महिन्याचं बिल हाती पडेपर्यंत एकूण आकडा नक्की कळत नाही, आणि २,५०० च्या मर्यादेत ते अवघड जातं.

---

दूधखाते

सगळ्यांचे मनापासून आभार. तारखेचा मुद्दा लगेच तपासला, दोन ठिकाणी ‘लोकलडेट’ नव्हतं.

सध्या एकाच २ जीबी मशिनकडे कल आहे, कारण संस्था वाढल्या की ४ जीबीवर जाणं सोपं वाटतं. पण मॅनेज्ड_बरा यांचा मुद्दा डोक्यातून जात नाही. डेटाबेस त्याच मशिनवर ठेवायचा तर तो सुरक्षित राहण्यासाठी कमीत कमी काय करावं लागेल, हे क्रमाने कुणी सांगेल का?

---

तिसरी_प्रत

क्रमाने सांगतो. एकही पायरी गाळू नका.

उबुंटू २४.०४ एलटीएस घ्या, त्याला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत. मशिन बनवतानाच एसएसएच की (पासवर्डऐवजीची लॉगिनची किल्ली) द्या, पासवर्डने लॉगिन बंद करा. स्वतःसाठी वेगळा यूजर करा, रूटने (सर्वाधिकारी यूजरने) रोजचं काम नको. सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतील अशी सोय करा आणि रीस्टार्टची वेळ दुपारी २ ची ठेवा. मूळ मशिन यूटीसीवर असतं, तिथे ‘रात्रीचे १२’ लिहिलेत तर आपल्याकडे ५:३० वाजतात, ऐन संकलनाची वेळ.

फायरवॉलमध्ये २२ (एसएसएच), ८० आणि ४४३ (वेब) एवढेच पोर्ट उघडे. यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू करण्याआधी २२ ला परवानगी द्या. क्रम चुकला तर तुम्हीच बाहेर राहाल आणि मग होस्टिंगच्या वेब कन्सोलमधून आत शिरावं लागेल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डॉकर यूएफडब्ल्यूला जुमानत नाही. डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये (कोणते कंटेनर कसे चालवायचे ते लिहायची फाइल) पोस्टग्रेसला ‘५४३२:५४३२’ लिहिलंत तर यूएफडब्ल्यू तो पोर्ट बंद दाखवेल आणि प्रत्यक्षात तो सगळ्या जगाला उघडा असेल, कारण डॉकर आपले नियम आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये) स्वतः घालतं. तिथे ‘१२७.०.०.१:५४३२:५४३२’ लिहा. त्याहून बरं म्हणजे ‘पोर्ट्स’ची ओळच काढून टाका. एकाच कंपोज नेटवर्कवरच्या अ‍ॅपला तिची गरज नसते. नंतर दुसऱ्या नेटवर्कवरून पोर्ट स्कॅन करून खात्री करा. शिवाय डिजिटलओशनची स्वतःची क्लाउड फायरवॉल फुकट आहे. ती मशिनच्या बाहेर असल्याने डॉकर तिला वळसा घालू शकत नाही. दोन्ही लावा.

एचटीटीपीएससाठी कॅडी हा वेब सर्व्हर घ्या. सर्टिफिकेट स्वतः घेतं, स्वतः नूतनीकरण करतं. जँगोत ‘सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर’ आणि ‘सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स’ भरा. दुसऱ्यात पत्ता एचटीटीपीएससकट लिहायचा, जँगो ४ पासून नुसतं डोमेन चालत नाही. हे राहिलं की लॉगिनला ४०३ येतो. एसएसएल रीडायरेक्ट चालू आणि हेडर राहिला, तर पान स्वतःकडेच फिरत राहतं.

बॅकअप. होस्टिंगचा आठवड्याचा बॅकअप म्हणजे पूर्ण मशिनची प्रत. तो हवाच, पण त्यावर विसंबून राहिलात तर सहा दिवसांचं दूध जाऊ शकतं. तुमच्या धंद्याचं घड्याळ बघून डम्प घ्या: सकाळचं संकलन संपल्यावर ९ ला आणि संध्याकाळचं संपल्यावर ९ ला. यूटीसीमध्ये त्या वेळा ३:३० आणि १५:३० होतात. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणारं साधन, त्याच्या ओळीत मिनिट ३०, तास ३ आणि १५. एकच ओळ, दोन्ही वेळा.

पीजी-डम्प कस्टम फॉरमॅटमध्ये काढा. आकाराने लहान येतो आणि हवा तो एकच तक्ता परत भरता येतो. फाइलच्या नावात तारीख घालताना टक्क्याचं चिन्ह थेट क्रॉनच्या ओळीत लिहू नका, तिथे त्याचा अर्थ ‘नवी ओळ’ होतो आणि कमांड अर्धवट तुटते. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. आधी तात्पुरत्या नावाने डम्प घ्या, कमांड यशस्वी झाली तरच खरं नाव द्या. डिस्क भरली असेल तर शून्य बाइटची फाइल तयार होते, आणि यादीत ती खऱ्या बॅकअपसारखीच दिसते.

फाइल लगेच दुसऱ्या कंपनीकडे पाठवा. क्लाउडफ्लेअर आर-टूमध्ये १० जीबीपर्यंत साठवण फुकट आणि बाहेर काढायला पैसे नाहीत. त्याच होस्टिंगच्या स्टोरेजमध्ये ठेवलीत तर खातं बंद पडल्यावर मशिन आणि बॅकअप दोन्ही एकदम जातात. बकेटवर (आर-टूमधल्या साठवणीच्या कप्प्यावर) ३० दिवसांचं लॉक लावा. सर्व्हर कुणाच्या हाती लागला तरी तिथल्या कीने जुन्या प्रती पुसता येऊ नयेत. उत्पादकांचे बँक खाते क्रमांक त्यात आहेत, म्हणून पाठवण्याआधी ‘एज’ या साधनाने एन्क्रिप्ट करा आणि उघडायची किल्ली सर्व्हरवर ठेवू नका.

महिन्यातून एकदा शेवटचा डम्प लॅपटॉपवर उभा करा. मागच्या बिलाच्या कालावधीतली एका संस्थेची लिटरची बेरीज काढा आणि संस्थेकडच्या छापील पत्रकाशी ताळा करा. जुळला तरच तो बॅकअप.

एवढं नेमाने होणार नसेल तर मॅनेज्ड_बरा यांचं ऐका आणि २,२३० वाली मांडणी घ्या.

---

हिशेबनीस

तांत्रिक बाजू झाली, पैसे भरण्याची राहिली. सर्व्हर बंद पडायचं तेही एक कारण असतं.

ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट (पैसे आपोआप कापण्याची संमती) नियमांमुळे भारतीय कार्डावरून परदेशी कंपनीचं मासिक बिल आपोआप कापलं जाईलच असं नाही. पैसे कापले न गेल्याची मेल कुणी उघडत नाही आणि काही दिवसांनी मशिन थांबतं. जिथे आगाऊ रक्कम जमा ठेवता येते तिथे तीन महिन्यांची ठेवा. महिन्याच्या २ तारखेला बिल तपासायचं हे कॅलेंडरमध्ये टाका. एडब्ल्यूएसची भारतीय कंपनी रुपयांत जीएसटीचं बिल देते. लेखापरीक्षणाला रुपयांतलं बिलच हवं असेल तर हा मुद्दा जड ठरतो.

जीएसटी नोंदणी असेल तर खात्यात जीएसटी क्रमांक भरा. परदेशातून घेतलेल्या सेवेवर मग रिव्हर्स चार्जने कर तुम्ही भरायचा आणि पात्र असाल तर त्याचं क्रेडिट घ्यायचं. तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या.

आणखी एक. होस्टिंगचं खातं, डोमेन आणि बॅकअपचं खातं एका व्यक्तीच्या खासगी मेलवर नको. कामासाठी वेगळा मेल काढा, टू-फॅक्टरचे रिकव्हरी कोड छापून तिजोरीत ठेवा, विश्वासातल्या दुसऱ्या एका माणसाला त्याची माहिती द्या. तुम्ही एकटेच डेव्हलपर आहात, म्हणून हे जास्त गरजेचं.

---

जँगोवाली

@दूधखाते, एक राहून गेलं. गावातलं नेट गेलं तर मुंबईतला उत्तम सर्व्हरही कामाचा नाही, आणि ते कधी ना कधी जाणारच.

नोंद पाठवली, सर्व्हरवर ती जमा झाली, पण उत्तर येताना नेट तुटलं. ऑपरेटरला वाटतं गेलीच नाही, तो पुन्हा बटण दाबतो. एकाच उत्पादकाचं दूध दोनदा. हे टाळायला प्रत्येक नोंदीचा यूयूआयडी (दुसऱ्या नोंदीशी न जुळणारा ओळख क्रमांक) ब्राउझरमध्येच तयार करा आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन घाला. तोच यूयूआयडी पुन्हा आला तर चूक दाखवू नका, आधीचीच नोंद परत द्या. ‘उत्पादक, तारीख, वेळ’ यांवर युनिक लावण्याचा मोह होईल, पण एकाच घरून गाईचं आणि म्हशीचं दूध वेगवेगळं येतं, त्यामुळे दुधाचा प्रकारही त्यात लागेल. कुणी एकाच वेळेला दुसरा कॅन आणून घातला तर तेही बंधन अडेल. यूयूआयडी बरा.

नेट नसताना नोंदी ब्राउझरच्या इंडेक्स्ड डीबीत (ब्राउझरमधल्याच साठवणीत) साठवा आणि नेट आल्यावर पाठवा. म्हणजे सर्व्हर दहा मिनिटं बंद राहिला तरी संकलन थांबत नाही, आणि एकाच मशिनवर विसंबण्याची जोखीमही बरीच कमी होते. अशा साठवलेल्या नोंदीची तारीख आणि वेळ नोंद करतानाचीच पाठवा, सर्व्हरवर पोचल्याची नको.

नवीन व्हर्जन चढवायचं ते सकाळी १० ते दुपारी ४ मध्येच. मोठ्या तक्त्यावर इंडेक्स घालायचा असेल तर ‘कनकरंटली’ (तक्त्यावरचं लेखन न अडवता) पद्धतीने. जँगोत त्यासाठी वेगळं ऑपरेशन आहे आणि त्या मायग्रेशनला (डेटाबेसच्या रचनेत बदल करणारी फाइल) ‘अ‍ॅटॉमिक’ बंद करावं लागतं. १०, २० आणि महिन्याच्या शेवटच्या तारखेला काहीही चढवू नका.